धारेवरचं कुलूप

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. मागच्या पौषात, एका शनिवारी, दिवस मावळायला आला होता तेव्हा. जागाही सांगते. जाफराबादच्या वरच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगराची एक लांब धार गेलेली आहे. त्या धारेवर लोकांच्या पैशातून बांधलेली एक निवारा-खोली आहे. वाटसरू, गुराखी, वादळवाऱ्यात सापडलेलं कुणीही माणूस, सगळ्यांनी आत बसावं म्हणून बांधलेली. असं तिच्याच भिंतीवरच्या फरशीत कोरलंय, आणि त्याखाली उद्घाटनाला आलेल्यांची नावं आहेत, बरीच. त्या खोलीला कुलूप होतं. माझी बहीण त्या कुलपाखाली, ओल्या कपड्यांत, दाराला पाठ लावून बसली होती आणि तिची बोलती बंद झाली होती.

ती वाचली. हे आधीच सांगून टाकते. तुमचा जीव टांगणीला लावून गंमत बघायची मला हौस नाही. मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय, ते शेवटी सांगते.

आम्ही चौघं होतो. आमचं एक छोटं मंडळ आहे. दर रविवारी वाचतो, वाद घालतो, पत्रकं काढतो, गावोगाव वाटतो. मंडळ चालवतात ते सर जाफराबादला शाळेत शिकवतात. दुसरा परतूरचा गडी, जिनिंगवर कापसाचा काटा करतो, म्हणजे वजनं घेतो. एका मोर्च्यात त्याच्यावर केस झाली ती अजून चालू आहे, आणि ती तो नवीन बुटासारखी सगळ्यांना दाखवत फिरतो. तिसरी मी. पत्रकं मी लिहिते. आणि चौथी माझी बहीण, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती मंडळाची सभासदही नव्हती. सुट्टीला घरी हसनाबादला आल्ती आणि "मलाबी डोंगर बघायचाय" म्हणून माझ्या मागं लागली.

आईनं दोन दिवस तोंड फिरवलं. मग गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि मला एवढंच म्हणाली, "घेऊन चालली तशी घेऊन ये."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या सगळ्या वाटेवर माझ्या पाठीवरचं खरं ओझं तेच होतं.

सरांचा एक नेम आहे. वर्षातून एक शनिवार-रविवार मंडळानं पाठीवर बोचकी बांधून डोंगर चालायचा. त्या दोन दिवसांत भाषण नाही, ठराव नाही, चर्चा नाही. यंदाचा बेत असा, शनिवारी या धारेवर पहिल्यांदाच चढायचं, वरच्या खोलीजवळ मुक्काम करायचा, रविवारी पलीकडच्या गावाला उतरायचं. नेम चांगला आहे, पण आम्ही तो पाळू शकत नाही. पलीकडच्या गावात रविवारचा बाजार भरतो म्हटल्यावर मी पत्रकांचा गठ्ठा बरोबर घेतला. कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी सकाळची एसटी सुरू करा, अशी मागणी होती.

जीपमधून उतरताना परतूरवाला म्हणाला, "सर, आपण सहलीला चाललो का प्रचाराला?"

"सहलीला," सर म्हणाले.

"मंग ताईच्या बोचक्यात अंथरूण कमी अन् कागद जास्ती काहून?"

बहीण म्हणाली, "ती कागदावरच झोपती. घरीबी."

चढताना ऊन कोवळं होतं. खाली हरभरा, गहू, ज्वारी, मधूनमधून विहिरी. वर वाळलेलं गवत आणि काळा दगड. माझी बहीण चालताना बोलते, बसताना बोलते, घास गिळता गिळता बोलते. त्या दिवशी तिनं आम्हाला हॉस्टेलची मेस, वॉर्डातल्या म्हाताऱ्या, एका कडक मॅडम, सगळं ऐकवलं. चढ संपला तरी तिचं संपलं नव्हतं. परतूरवाला म्हणाला, "हिच्या तोंडाला मीटर लावा, मंडळाचा खर्चा निघंल."

धारेवर पोचलो आणि आभाळ बदललं. पौषात पाऊस येतो तो असाच येतो, न बोलवता. पश्चिमेकडून एक निळी-काळी भिंत आली आणि वारा असा सुटला की गवत जमिनीला टेकलं. आमच्यापैकी कुणाकडंही रेनकोट नव्हता. थंडीत कोण घेतं? एक मेणकापड होतं. ते पत्रकांना गुंडाळलेलं होतं.

आता आमची खोड सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या मंडळात कुणीही एकट्यानं काही ठरवत नाही. चहा दुधाचा की कोरा, हेसुद्धा हात वर करून ठरतं. सरांनी ते आमच्या अंगात मुरवलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे, आजही. आमच्या गावांमध्ये एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची, ही रीत आम्हाला मोडायची होती. तर आभाळ अंगावर येत होतं आणि आम्ही उभ्या धारेवर बैठक घेतली. मागं फिरायचं की खोलीपर्यंत जायचं?

परतूरवाला म्हणाला, "माझी सूचना, पळा."

"सूचना नीट मांड. कुठं पळायचं?" सर म्हणाले.

"सर, विजा चमकून राह्यल्या!"

"म्हणूनच नीट मांड."

मतदान झालं. खोलीपर्यंत जायचं, चार विरुद्ध शून्य. बहिणीला सभासद नसताना मत द्यायला लावलं आणि ती हसून हसून वाकडी झाली. "ताये, तुमच्यात मेल्यावरबी विचारत असतीन, जाळायचं का पुरायचं, हात वर करा."

तेवढ्यात गारा सुरू झाल्या.

गारांचं मी काय लिहू? बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आम्ही बोचकी डोक्यावर धरून चाललो. गारा थांबल्या तेव्हा पाऊस आला, आडवा. धार ती. दोन्ही बाजूंना उतार, आडोशाला एक झाड नाही, धुक्यानं चार पावलांवरचं दिसेना. मी गठ्ठ्यावरचं मेणकापड सोडायला लागले तर बहीण म्हणाली, "राहू दे. कागद भिजले तर तू महिनाभर तोंड पाडून बसशील." मी राहू दिलं. चौघं माणसं निथळत होतो आणि एसटीची मागणी कोरडी होती.

खोली दिसली तेव्हा परतूरवाल्यानं आरोळी ठोकली. दगडी बांधकाम, वर पत्रा, पुढं लहानशी पडवी. मग आम्ही कुलूप पाहिलं.

दारावर रंगानं लिहिलं होतं, किल्लीसाठी फोन करा. खाली नंबर. रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच येत होती. परतूरवाल्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रामराम. डोंगरावरच्या खोलीची किल्ली पाहिजे. आम्ही दारातच उभे हाव."

"किल्ली घरी हाय. या खाली, घेऊन जा."

"खाली म्हंजे गावात?"

"मंग काय वर ठुतो का? मी जालन्याला आलोय. घरी म्हातारी हाय, ती देईल. पण बिनओळखीच्याला देत नसती."

"दादा, इथं पाऊस लई हाय. पोरी बरोबर हायेत. एक पोरगी काकडून राह्यली."

"ते बराबर हाय. पण उघडी ठुली की कोणीबी येऊन बसतं."

परतूरवाल्याचा चेहरा बदलला. "कोणीबी म्हंजे कोण?"

फोन तुटला. रेंज गेली असेल. किंवा नसेल.

खाली जाऊन किल्ली आणायची म्हणजे त्याच धुक्यातून, पाण्यानं भरलेल्या घळीतून उतरायचं आणि परत चढायचं. तोवर अंधार. परतूरवाला पुटपुटला, "तोडू का?" आणि आम्ही पुन्हा बैठक घेतली. हो, त्या पडवीत, दातांवर दात आपटत.

मी म्हटलं, तोडा. सार्वजनिक जागा आहे, आपल्या पैशाची आहे.

सर म्हणाले, "लोकांच्या मालमत्तेला आपण हात लावायचा नाही. आपण आजवर जे बोललो ते सगळं उद्या आपल्या तोंडावर फेकतील. पडवीत बसू, पाऊस उघडेल." त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं, पण ते घाबरून बोलत नव्हते. मंडळाला चोर म्हणायला टपलेली माणसं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत.

परतूरवाला खाली बघत म्हणाला, "माझ्यावर एक केस चालू हाय, ताई. दुसरी झाली तर काटा जाईल हातातून." विचारलं त्यानंच होतं आणि त्याचा हात विरोधात गेला. त्याला मी दोष देत नाही. केस मिरवणं वेगळं आणि पोट वेगळं.

"बाजूनं एक, विरोधात दोन," सर म्हणाले. त्यांनी बहिणीकडं पाहिलं. ती दाराला टेकून बसली होती, गुडघ्यांत हात घालून. तिचा हात वर आला नाही. "तटस्थ एक."

ठराव बारगळला. आणि मला एकदम जाणवलं की पडवीत शांतता आहे. पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता, पण शांतता होती. माझी बहीण बोलत नव्हती. "तटस्थ" असं कुणी तिला म्हटलं आणि ती गप्प बसली, हे आमच्या घरात जन्मात घडलेलं नाही. टोमणा नाही, हसणं नाही.

मी तिच्यासमोर बसले. "ए, काय गं? हात वर कर ना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ निळे. मघापर्यंत ती थरथरत होती, आता थरथरतही नव्हती. तिनं हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो मांडीवरून घसरून फरशीवर पडला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"सर," मी ओरडले, "ही तटस्थ नाहीये! हिला हात उचलत नाही!"

त्यानंतर कुणीच मत मागितलं नाही. पडवीच्या कडेला बांधकामातला एक दगड पडला होता. सर उठले, त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. मी त्यांना आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं, दगड मारताना तर नाहीच. कुलूप तुटलं नाही, कोयंडा उपटून आला. परतूरवाल्यानं खांद्यानं दार ढकललं.

आणि आत काय होतं, ऐका. वाटसरूंना बसायला जागा नव्हती. खोली छतापर्यंत भरलेली होती. कुटाराची पोती, म्हणजे जनावरांना घालायचा सोयाबीनचा भुसा. फवारणीचा एक पंप. टोमॅटोची रिकामी लाकडी खोकी. कुणाची तरी खाजगी कोठी. म्हणजे "कोणीबी येऊन बसू नये" याचा अर्थ असा, की कुटार आरामात बसलेलं आहे, त्याला उठवू नये.

संताप मी नंतरसाठी ठेवला. दोघं पुरुष बाहेर गेले. मी बहिणीचे ओले कपडे काढले, माझ्या बोचक्यात तळाशी कोरडी राहिलेली एक चादर आणि आईची जुनी शाल तिच्याभोवती गुंडाळली. मग दोन पोती फाडली आणि तिला गळ्यापर्यंत त्या कुटारात पुरलं. कुटार कोरडं होतं, उबदार होतं, दाण्याचा वास येत होता. त्या खाजगी कोठीवाल्याला मी आजही शिव्या घालते, पण त्याचं कुटार कोरडं होतं, हे लिहिलं नाही तर मी खोटं पत्रक लिहितेय असं होईल.

बाहेर पडवीत परतूरवाला खोकी फोडत होता. "ताई, पेटवायला कोरडं काय हाय?"

मी मेणकापड सोडलं आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला.

त्यानं वरचं पत्रक उचलून वाचलं. "चांगलं लिहिलं व्हतं," म्हणाला, आणि काडी लावली.

स्टीलच्या डब्यात पाणी तापलं, त्यात आईचे लाडू कुस्करले. मी आत तिचे तळवे दोन्ही हातांत धरून जोरजोरानं चोळत होते. मनातल्या मनात एकच वाक्य, घेऊन चालली तशी घेऊन ये. सर दाराशी पाठमोरे बसले होते. त्यांचे हात दगडानं सोलवटले होते.

मग कुटारातून आवाज आला. जड जिभेचा, पण आवाज.

"चोळू नको."

"काय?"

"असं चोळायचं नसतंय. मॅडम नापास करतीन तुला."

मी हात सोडले आणि रडायला लागले.

"अन् हे काय घातलंय माझ्या अंगावर? खाज येऊन राह्यली. लई खाज येऊन राह्यली, ताये."

पडवीतून परतूरवाला ओरडला, "चालू झालं! मीटर चालू झालं!"

अंगाला खाज सुटली म्हणून एवढा आनंद झालेलं घर मी दुसरं पाहिलं नाही. ती गुळाचं पाणी घोट घोट प्यायली, मग पुन्हा थरथरायला लागली. मी घाबरले तर तीच मला समजावायला लागली की थरथरणं चांगलं असतं, अंग स्वतःला तापवून राह्यलंय. मग माझ्या हातचं पाणी गोड कमी झालं म्हणून तक्रार. मग सरांना, "सर, माझं मत कुठं लिहिलं तुम्ही?"

सर दाराकडं तोंड करूनच म्हणाले, "पोरी, चुकीचं मोजलं मी."

"मंग दुरुस्त करा. बाजूनं दोन. माझं तोडायच्या बाजूनं होतं, पहिल्यापासून."

"दोन-दोन झालं की मग," परतूरवाला म्हणाला. "अध्यक्षांचं जादा मत?"

सरांनी सोललेला हात वर केला. आम्ही सगळे इतके हसलो की डब्यातलं पाणी सांडलं.

सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. धारेवर उभं राहिलं की दोन्हीकडच्या खोऱ्यांतली शेतं, पाझर तलाव, ओले चकचकीत रस्ते दिसत होते. बहीण उन्हात बसून अंगावरचं कुटार वेचत होती. मी तिच्याकडं नुसती बघत बसले. "काय बघती?" म्हणाली. मी म्हटलं, "काही न्हाई, बोल तू."

मग किल्लीवाला आला. जालन्याहून रातोरात परत आलेला, घामाघूम, सोबत एक गडी. मोडलेला कोयंडा बघून त्याचा आवाज चढला. "कोणी तोडलं? पोलिसात देतो एकेकाला!"

परतूरवाला एक पाऊल मागं सरकला. मला दिसलं ते.

"मी," सर म्हणाले. आपलं पूर्ण नाव सांगितलं, शाळा सांगितली. "तक्रार करा. त्यात हेही लिहा, की आत कुटार कुणाचं होतं."

"खोटं बोलतेत, काका," बहीण उन्हातून म्हणाली. "ठरावानं तोडलं. मी बाजूनं होते. माझंबी नाव घ्या."

तो माणूस तिच्याकडं बघत राहिला. केसांत भुसा, अंगावर शाल, पायात परतूरवाल्याचे मोठे मोजे. त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "उघडी ठुली तर पत्रे काढून नेतेत लोक. मागं दोन नेले. कोण जिम्मेदारी घेतंय सांगा?" हे खरंही असेल. मी त्याला म्हटलं, पत्रे गेले तर पत्रे जातील, काल माणूस चाललं होतं. तो वळून निघाला. जाताना मात्र गड्याला हळूच म्हणाला, "पोरीला खाली गावापर्यंत पोचव, वाट निसरडी हाय."

पोलिसात तो गेला नाही. आम्ही पलीकडच्या गावाला उतरलो, बाजारात पत्रकांशिवाय उभं राहून एसटीची मागणी तोंडीच सांगितली. बहिणीनं सगळ्यात जास्त सांगितली. संध्याकाळी ती हसनाबादला आईच्या समोर उभी राहिली, होती तशी, बोलत बोलत. आईनं तिच्या वेणीतून भुशाची एक काडी काढली आणि माझ्याकडं पाहिलं. मी त्या रात्री अशी झोपले की बस्स.

पण परवा परतूरवाला सहज वर जाऊन आला. खोलीला नवीन कोयंडा आहे. नवीन कुलूप आहे. जुन्यापेक्षा मोठं.

म्हणून आता तुमचं काम. तुमच्या गावातही अशी एक खोली आहे. निवारा असेल, समाजमंदिर असेल, एसटीची शेड असेल, वाचनालय असेल. तुम्ही रोज तिच्यावरून जाता. आज जा आणि तिचं दार ढकलून बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं आहे ते विचारा, आणि ती दारापासून हाकेच्या अंतरावर, जाग असलेल्या घरात ठेवायला लावा. आत कुणाचं कुटार असेल तर ते बाहेर काढायला लावा. बैठक जरूर घ्या, पण आधी जे गप्प बसलेत त्यांच्याकडं नीट बघा. त्यांना तटस्थ म्हणून मोजू नका. आणि पुढच्या वादळाची वाट बघू नका. हे वाचून झालं ना? उठा. जा.